भाचा पायलट झाला, आता लेकीला त्याच्या विमानात बसवायचं का? नाशिकच्या पालकांसाठी

नाशिकच्या मुलांना विमानाची ओढ वेगळी लावावी लागत नाही. ओझरच्या बाजूने सुखोईचा आवाज येतो, गांधीनगरवरून आर्मीची हेलिकॉप्टरं घिरट्या घालतात, आणि निम्मी मुलं शाळेत असतानाच 'मी पायलट होणार' म्हणून मोकळी होतात. त्यातला एखादा खरंच होतो. नात्यातला, सोसायटीतला किंवा मित्राचा मोठा भाऊ विशी ओलांडता ओलांडता लायसन्स घेऊन घरी येतो, पेढे वाटले जातात, आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या तोंडी एकच धोशा सुरू होतो: "दादा मला विमानातून फिरवणार आहे."

विमानातलं फारसं काही न कळणाऱ्या आईवडिलांसाठी हा लेख आहे. मीही त्यांतलीच. बहिणीच्या मुलाने लायसन्स घेतलं आणि माझ्या लेकीने हट्ट धरला, तेव्हा जे विचारून, वाचून आणि धावपट्टीशेजारी उभं राहून कळलं ते इथे क्रमाने मांडते. 'पाठवा' की 'पाठवू नका' हे तुमच्या वतीने मी ठरवू शकत नाही. माझं मत मात्र आधीच सांगते. पायलटचं वय हा यातला सर्वांत किरकोळ प्रश्न आहे. त्याला 'आज नको' म्हणता येतं का, यावर माझा निर्णय ठरला.

१. लायसन्स कोणतं, ते आधी बघा

आपण सरसकट 'पायलट झाला' म्हणतो, पण नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, टप्प्याटप्प्याने परवाने देतं. पहिला स्टुडंट पायलट लायसन्स. तो सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतो. या परवान्यावर मुलगा इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली उडतो, सोलोही करतो, म्हणजे एकट्याने उडतो, पण प्रवासी बसवू शकत नाही. मुलगा या टप्प्यावर असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही. कितीही हुशार असो, कितीही जवळचा असो, उत्तर 'नाही' असंच आहे.

दुसरा प्रायव्हेट पायलट लायसन्स, पीपीएल. किमान वय १७ आणि किमान ४० तासांचं उड्डाण. यावर प्रवासी नेता येतो, पण पैसे घेऊन नाही. तिसरा कमर्शियल पायलट लायसन्स, सीपीएल. किमान वय १८ आणि किमान २०० तास. नाशिकमध्ये ज्याच्या नावाचे पेढे वाटले जातात तो बहुतेक वेळा सीपीएलवाला असतो.

पैशांचं इथेच सांगून टाकते. "इंधनापुरते द्या" म्हणून कुणी रक्कम मागितली तर सावध व्हा. पैसे घेऊन लोकांना फिरवायचं तर त्यासाठी डीजीसीएचं वेगळं ऑपरेटर परमिट लागतं. पायलटच्या खिशात सीपीएल असून भागत नाही. घरगुती फेरी आणि धंदा यांच्यातली ही रेघ ज्याला माहीत नाही किंवा माहीत असून ओलांडायची आहे, त्याच्याबरोबर मुलाला पाठवू नये.

लायसन्ससोबत मेडिकल चालू आहे का आणि रेडिओवर बोलण्याचा परवाना आहे का, तेही विचारा. मागायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. "दाखव रे, कसं असतं बघू तरी" म्हटलं की मुलं आनंदाने दाखवतात. वर्षानुवर्षं खपून मिळवलेला कागद आहे तो. जो दाखवायला कां-कूं करतो, त्याच्याबाबतीत तिथेच थांबा.

२. लॉगबुकातले एकूण तास सोडा, शेवटची तारीख बघा

प्रत्येक पायलटचं लॉगबुक असतं. कोणत्या दिवशी, कोणत्या विमानातून, कुठून कुठे, किती वेळ, सोबत कोण, सगळं त्यात नोंदलेलं असतं. आपण बाहेरची माणसं एकूण आकडा बघून भारावतो. दोनशे तास! आपल्याला तो केवढा मोठा वाटतो. पण त्यातला मोठा भाग इन्स्ट्रक्टर शेजारी असताना किंवा त्याच्या नजरेखाली झालेला असतो. कुठे जायचं, कधी परतायचं, आजची हवा चालेल का, हे बहुतेक वेळा संस्थेने ठरवलेलं असतं.

आणि आपल्याकडची एक खास अडचण आहे. सीपीएल हाती आल्यावर एअरलाइनची नोकरी लगेच मिळतेच असं नाही. मुलं महिनोन् महिने वाट बघतात, काहींची वर्षं जातात. दरम्यान कुणी मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता, सिम्युलेटरवर करून येतं. कागदावर तो पुढे गेलेला असतो, पण ज्या छोट्या सेसना विमानात तुमच्या मुलीला बसवायचं म्हणतोय ती त्याने वर्षभर हातात धरलेली नसते. म्हणून मी विचारलेले प्रश्न असे होते: शेवटचं उड्डाण कधी केलंस? याच प्रकारच्या विमानात कधी? इन्स्ट्रक्टर सोबत नसताना दुसऱ्या माणसाला घेऊन किती वेळा गेलास?

मोजायला एक पट्टी आहे. गेल्या ९० दिवसांत किमान तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग केल्याशिवाय प्रवासी घेऊ नये, असा अमेरिकेतला नियम आहे, आणि ही पट्टी इतरत्रही चालते. माझ्या मते नवशिक्यासाठी हा अगदी किमान हिशोब झाला. दोन-तीन महिन्यांचा खंड पडला असेल तर त्याने आधी इन्स्ट्रक्टरला घेऊन एक चक्कर मारावी, मग एकट्याने मारावी, मग आपल्या मुलाचा विचार. खरा पायलट या मागणीवर रागावत नाही.

तासांवर विसंबण्याबद्दल एक जुनी घटना सांगण्यासारखी आहे. जुलै १९९९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन एफ. केनेडी ज्युनिअर आपली पत्नी आणि मेहुणीला घेऊन स्वतःच्या छोट्या विमानातून निघाले. रात्र, खाली समुद्र, हवेत धुरकटपणा. क्षितिज दिसेना, दिशाभान गेलं आणि विमान समुद्रात कोसळलं. तिघंही गेले. केनेडींचं वय ३८ होतं आणि गाठीशी ३०० तासांहून जास्त उड्डाण होतं. त्या दिवशी एका इन्स्ट्रक्टरने सोबत येऊ का असं विचारलं होतं, आणि त्यांनी एकट्यानेच जायचं ठरवलं, अशी नोंद चौकशी अहवालात आहे. मला त्या अहवालातली सर्वांत जास्त बोचणारी ओळ तीच वाटते.

३. विमान कोणाचं, आणि वजन किती?

भारतात नोंदलेल्या प्रत्येक विमानाच्या अंगावर 'व्हीटी'ने सुरू होणारी अक्षरं असतात. ती विचारून घ्या. विमान ट्रेनिंग संस्थेचं असेल तर ते प्रशिक्षणासाठी आहे, पाहुण्यांना फिरवण्यासाठी नाही. चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरची स्पष्ट परवानगी आहे का, हे भाच्याकडून ऐकण्यापेक्षा संस्थेला फोन करून विचारा. विमान खासगी मालकाचं असेल तर नोंदणी, एअरवर्दीनेस (विमान उडण्यायोग्य असल्याचा दाखला) आणि विमा हे तिन्ही कागद चालू आहेत का बघा.

मग वजन. हा विषय घरच्यांना क्षुल्लक वाटतो, पण छोट्या विमानात किलोकिलोचा हिशोब असतो. सेसना १५२ दोन सीटचं विमान. उड्डाणाच्या वेळी सगळं मिळून ७५७ किलोच्या वर जायचं नाही. विमानाचं स्वतःचं वजन आणि भरलेली टाकी वजा केली तर दोन माणसांसाठी सुमारे १६० ते १७० किलो उरतात, बॅग धरून. सेसना १७२ ला सीट चार असतात, पण टाकी पूर्ण भरली तर चार धडधाकट माणसं त्यात बसवता येत नाहीत. "ताईलाही घे, छोटूलाही घे" हा आपला घरगुती उदारपणा इथे चालत नाही. मुलाचं खरं वजन सांगा, काट्यावर उभं करून. आणि भाच्याला वजनाचा तक्ता भरून दाखवायला सांगा. तोंडी "बसेल सगळं" हे उत्तर नव्हे.

इंधनाचंही विचारा. दिवसा नजरेच्या भरवशावर केलेल्या उड्डाणात, ठरलेली फेरी संपल्यावरही किमान अर्ध्या तासाचं इंधन शिल्लक असावं लागतं. नव्या पायलटने तासाभराचं ठेवलं तर मला जास्त बरं वाटतं.

४. कुठून उडणार, आणि कोणत्या महिन्यात?

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घाला, कारण इथे आपल्या भागाचं स्वतःचं गणित आहे.

सर्वांत आधी मुलाची एक समजूत दूर करावी लागते. 'दादा मला गंगापूर धरणावरून, आपल्या बिल्डिंगवरून नेणार' हे बहुधा होणार नाही. ओझरचा विमानतळ एचएएलचा आहे, तिथे लढाऊ विमानांची ये-जा असते. गांधीनगरला आर्मीच्या पायलटांचं प्रशिक्षण चालतं. देवळालीला तोफखान्याचं केंद्र आहे. नाशिकभोवतीचं आकाश असं वाटून घेतलेलं आहे, आणि विमानतळाच्या परिसराबाहेर जायचं तर फ्लाइट प्लॅनसोबत हवाई दलाकडून एडीसी (हवाई संरक्षणाची मंजुरी) नंबर आणि माहिती केंद्राकडून एफआयसी नंबर घ्यावा लागतो. भाच्याला विचारा, हे नंबर कधी घेणार? चटकन आणि सविस्तर उत्तर आलं तर तो नियमाने उडणारा आहे असं समजायला हरकत नाही.

प्रत्यक्षात नाशिकची मुलं शिकतात ती धुळे, शिरपूर, जळगाव, बारामती अशा ठिकाणी, आणि फेरी होणार असेल तर तिथेच होते. म्हणजे मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्यापर्यंतचा प्रवासही या दिवसाचाच भाग आहे, हे लक्षात ठेवा. त्याचं पुढे येईलच.

आता उन्हाळा. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंख कमी उचलतात, इंजिन कमी ताकद देतं, पंखा कमी ओढतो. याला पायलट डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात: जमीन जिथे आहे तिथेच असते, पण विमानाला वाटतं आपण फार उंचावर आहोत. ओझरची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर, म्हणजे जवळजवळ २,००० फूट. एवढ्या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश धरतात, आणि त्यावरच्या प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट वाढवायचे. एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४० वर गेला की हिशोब साडेपाच हजार फुटांच्या आसपास पोचतो. कळसूबाईचा माथा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच, १,६४६ मीटर म्हणजे ५,४०० फूट. म्हणजे मेच्या दुपारी ओझरच्या धावपट्टीवरून उडणं विमानाच्या लेखी थेट कळसूबाईच्या माथ्यावरून उडण्यासारखं आहे. धुळ्याची धावपट्टी बरीच खाली आहे, पण तिथलं ऊन त्याची भरपाई करतं. सकाळी सातला जे विमान झटकन उचलतं तेच दुपारी दोनला धावपट्टी खात राहतं. शिवाय तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठतात, विमान हिंदकळतं, आणि पहिल्यांदा बसलेलं मूल दहा मिनिटांत ओकायला लागतं.

मे महिन्याच्या शेवटी वळवाचे ढग येतात. दुपारपर्यंत निरभ्र आणि चारला काळंकुट्ट, हे आपण दरवर्षी बघतो. द्राक्षवाला शेतकरी ज्या ढगाकडे बघून धास्तावतो, त्या ढगापासून छोट्या विमानाने मैलोगणती लांब राहायचं असतं. मग पावसाळा. जून ते सप्टेंबर मी तरी विषयच काढणार नाही. अंजनेरी, ब्रह्मगिरी, सगळी सह्याद्रीची धार तेव्हा ढगात असते. अंजनेरीचा माथा समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांच्या वर आहे, आणि ढगात शिरलेल्या पायलटला तो दिसत नाही.

ढगाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण घरच्यांना त्यातला धोका कळत नाही. मलाही कळत नव्हता. वाटायचं, ढगात शिरलं तर सरळ जायचं, बाहेर येईलच. पण बाहेर क्षितिज दिसेनासं झालं की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा खोटं सांगायला लागते. विमान वळत असतं आणि पायलटला खात्री असते की आपण सरळ चाललोय. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांना कृत्रिमरीत्या अशा स्थितीत टाकून बघितलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांना दोन सेकंद कमी. पीपीएलवाल्याला इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे फक्त उपकरणं बघून उडण्याची पात्रता, सहसा नसतं. सीपीएलवाल्याला असलं तरी ताजा सराव आहे का, हा प्रश्न उरतोच. म्हणून ढग खाली असतील, दृश्यमानता कमी असेल, तर उड्डाण नाही. भारतात नजरेने उडणाऱ्यांसाठी सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी आकाश बंद होतं, तेव्हा संध्याकाळच्या शेवटच्या क्षणाची फेरीही नको.

उरतो हिवाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सकाळ मला सर्वांत योग्य वाटते. फक्त निफाडकडे पारा उतरतो तेव्हा गोदाकाठाला पहाटे धुकं धरतं, आणि उत्तर महाराष्ट्रात इतरत्रही कधीकधी. नऊ-साडेनऊपर्यंत ते निवळू द्यायचं.

आणखी एक गोष्ट कुठल्याही परदेशी पुस्तिकेत सापडणार नाही. एका इंजिनाच्या विमानाचं इंजिन बंद पडलं तर ते दगडासारखं पडत नाही, तरंगत खाली येतं, आणि पायलट मोकळं शेत शोधतो. दिंडोरी-निफाड पट्ट्यात वरून हिरवंगार सपाट दिसणारं शेत म्हणजे द्राक्षाचा मांडव असतो. लोखंडी अँगल, ताणलेल्या तारा. कांद्याचं किंवा गव्हाचं शेत त्यापेक्षा केव्हाही बरं. भाच्याला विचारा, "या भागात इंजिन गेलं तर कुठे उतरवशील?" त्याने नकाशावर बोट ठेवून सांगितलं तर त्याने खरोखर विचार केलाय. "मावशी, असं होत नाही गं" एवढंच म्हणाला तर त्याने केलेला नाही.

५. त्याच्याशी बसून बोला, आणि 'नाही' ऐकायचा प्रयत्न करा

आता मुख्य मुद्दा. चहा ठेवा, भाच्याला बोलवा, आणि मुलगी समोर नसताना बोला. मी विचारलं होतं, "ठरलेलं उड्डाण तू स्वतःहून कधी रद्द केलंयस का? का केलंस?" हा एक प्रश्न बाकी सगळ्यांवर भारी आहे. त्याच्याकडे खरा, तपशिलाचा प्रसंग असेल, वारा आडवा होता, झोप झाली नव्हती, इंजिनाच्या तपासणीत आकडा जरा कमी आला, तर तो मुलगा पायलट झालाय. एकही प्रसंग नसेल तर तो अजून विद्यार्थी आहे. त्याच्या वतीने आजवर दुसऱ्या कुणीतरी 'नाही' म्हटलेलं आहे.

मग त्याची स्वतःची मर्यादा विचारा. सेसना १७२ चं विमान १५ नॉट (तासाला सुमारे २८ किलोमीटर) आडव्या वाऱ्यात उतरवून दाखवलेलं आहे. पण ते कंपनीच्या कसलेल्या पायलटने. नव्या पायलटने आपली रेघ त्याच्या बरीच अलीकडे ओढलेली असावी, आणि आकड्यात सांगता यावी.

तरुण मुलांबाबत एक गोष्ट प्रेमाने पण स्पष्ट बोलायला हवी. सोबतीला बरोबरीचं किंवा धाकटं, कौतुकाने बघणारं कुणी असलं की त्यांचा हात सैल सुटतो. गाडी चालवणाऱ्या तरुणांबाबत हे इतकं सिद्ध झालंय की अमेरिकेतल्या अनेक राज्यांत नव्या अल्पवयीन ड्रायव्हरला सोबत किती मुलं बसवता येतील यावर बंधन आहे. विमानात त्याचं रूप म्हणजे कुणाच्या तरी शेतावरून खाली घासून जाणं, झोकदार वळण घेऊन दाखवणं. वस्तीवरून जाताना आसपासच्या सर्वांत उंच अडथळ्याच्या हजार फूट वर आणि मोकळ्या रानातही जमिनीपासून पाचशे फूट, ही किमान मर्यादा आहे. आपण सांगायचं ते इतकंच: "तिला काही करून दाखवू नकोस. सरळ नेलंस आणि सरळ आणलंस तरी ती जन्मभर सांगत बसेल."

६. आपल्याच घरातलं दडपण काढून टाका

हे आपलं काम आहे, पायलटचं नाही. एप्रिल १९९६ मध्ये अमेरिकेत जेसिका डबरॉफ नावाची सात वर्षांची मुलगी देश आरपार उडण्याच्या विक्रमासाठी निघाली होती. सोबत वडील आणि अनुभवी, वयाने मोठा इन्स्ट्रक्टर. शायेन या ६,००० फुटांहून उंच गावातून, वादळ समोर असताना, मर्यादेपेक्षा जास्त वजन घेऊन विमान उडालं आणि लगेच कोसळलं. तिघंही गेले. चौकशीत पायलटच्या चुकीसोबत हेही नोंदलं गेलं की वेळापत्रक अतिमहत्त्वाकांक्षी होतं आणि माध्यमांना दिलेल्या शब्दांचं ओझं त्यामागे होतं. वर मी वय किरकोळ म्हणाले ते यासाठी. तिथला पायलट नवखा नव्हता.

आपल्या घरात माध्यमं नसतात, पण आजोबा मुद्दाम आलेले असतात. वाढदिवसाचा मुहूर्त असतो. आत्याने व्हिडिओसाठी फोन चार्ज करून ठेवलेला असतो. सगळे तीन तास गाडीत बसून धुळ्याला पोचलेले असतात, आणि बावीस वर्षांच्या पोराला त्या सगळ्यांसमोर "वारा जास्त आहे, आज नको" म्हणायचं असतं. कसं म्हणेल? म्हणून लवाजमा नेऊ नका. आई किंवा वडील, आणि मूल. वाढदिवस नको. तारीख एक नको, तीन सांगून ठेवा. आदल्या रात्री स्वतः फोन करा आणि म्हणा, "उद्या नाही झालं तरी आम्ही जेवून परत येऊ, अजिबात मनाला लावून घेऊ नकोस." भाच्याच्या आईवडिलांनाही आधीच विश्वासात घ्या, नाहीतर "आमच्या पोरावर भरवसा नाही का?" हे ऐकावं लागतं. त्यांना सांगा, हेच प्रश्न मी कुठल्याही पायलटला विचारले असते.

७. मुलाची तयारी

मुलाला आधी विचारा, तुला खरंच जायचंय का? मित्रांत बढाई मारून बसल्यामुळे आता माघार घेता येत नाही, असंही असतं. विमानात बसेपर्यंत कोणत्याही क्षणी 'नको' म्हणायची मुभा आहे, कारण सांगायची गरज नाही, हे निक्षून सांगा.

दोन सीटच्या विमानात प्रवाशासमोरही तीच दांडी आणि पायाशी तीच पेडलं असतात, आणि ती खरी चालतात. पाय पेडलांपासून मागे. दांडीला टेकायचं नाही. सीट रुळावर सरकते, ती नीट अडकलीय का हे पुढेमागे हलवून बघायचं, कारण सेसनात टेक-ऑफच्या वेळी सीट मागे घसरून अपघात झालेले आहेत. दार आणि पट्टा स्वतः उघडून-लावून बघायचा. मोबाईल टेक-ऑफ आणि लँडिंगला बॅगेत, कारण तो पेडलाखाली पडला तर काढता येत नाही. त्या काळात बोलायचंही नाही, दुसरं विमान दिसलं तर मात्र लगेच सांगायचं. बाहेर चालताना पंख्याच्या बाजूने कधीही जायचं नाही, इंजिन बंद असलं तरी. हलकं खाऊन जायचं, उपाशी नाही. आणि "घरी सांगू नकोस हं" असं काही वर घडलं, तर घरी आल्यावर पहिलं तेच सांगायचं.

८. विम्याचा कागद

घरातली अपघात विमा आणि आयुर्विम्याची पॉलिसी काढून विमानप्रवासाबद्दलचं कलम वाचा. अनेक पॉलिसींत प्रवासी म्हणून कोणत्या विमानात बसलं तर भरपाई मिळेल यावर अटी असतात. एजंटकडून उत्तर लेखी घ्या. संस्थेने जबाबदारी नाकारणारा फॉर्म पुढे केला तर आदल्या दिवशी मागवून घरी वाचा.

९. त्या दिवशी

पोचल्यावर भाच्याकडे नीट बघा. झोप झालीय? सर्दी आहे? काही गोळी घेतलीय? घरात भांडण, इंटरव्ह्यूचा निकाल, प्रेमभंग? दारूबाबत आपल्याकडे उड्डाणाआधी १२ तासांची बंदी आहे, पण आदल्या रात्री मित्राचं लग्न होतं एवढंही मला पुरेसं वाटतं. मग तो विमानाभोवती फिरून तपासणी करतो ती लांबून बघा. टाकीत डोकावतो का, इंधनाचा नमुना काढून उजेडात धरतो का, यादी हातात घेऊन एकेक वाचतो का. गप्पा मारत दोन मिनिटांत उरकली, तर मुलीला हाक मारून परत बोलवा. ओशाळं वाटलं तरी बोलवा.

पहिली फेरी वीस-पंचवीस मिनिटांची, धावपट्टीच्या आसपासच असावी. किती वाजता परतणार ते विचारून ठेवा, आणि संस्थेतल्या कुणाचा तरी नंबर घ्या.

१०. उत्तर 'नाही' आलं तर

मुलाला 'कधीच नाही' सांगू नका. काय अडलं ते सांगा: सराव नाही, महिना चुकीचा आहे, विमानाची परवानगी नाही. यांतलं बरंचसं काही महिन्यांत बदलतं. तोवर भाच्यासोबत धुळ्याला किंवा शिरपूरला जाऊन धावपट्टीच्या कुंपणाबाहेरून सर्किट (धावपट्टीभोवतीच्या सरावाच्या फेऱ्या) बघू द्या, रेडिओवरचं बोलणं समजून घेऊ द्या, सिम्युलेटरवर बसू द्या. इन्स्ट्रक्टरसोबतची पहिली फेरी एखाद्या अधिकृत संस्थेत मिळत असेल तर ती भाच्याच्या विमानाआधी घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. सोळा पूर्ण झालेल्या आणि खरंच ओढ असलेल्या मुलाला स्टुडंट लायसन्सच्या मेडिकलपासून सुरुवातही करता येते.

भाच्याला मात्र कारण तोंडावर सांगा. "मन धजत नाही" म्हणून वेळ मारून नेलीत तर त्याला आपल्यावर अविश्वास दाखवलाय असं वाटेल. "तू सहा महिने उडालेला नाहीस, दोन फेऱ्या इन्स्ट्रक्टरबरोबर मार, मग मी स्वतः तिला घेऊन येते" असं म्हटलंत तर त्याला काय करायचं ते कळतं.

११. परत आल्यावर

मुलीला एकटीला घेऊन विचारा. वर दादा काय बोलला, किती उंचावर होतात, रेडिओवर गोंधळ झाला का, तुझ्या हातात दांडी दिली का, उतरताना पुन्हा वर जावं लागलं का. लँडिंग न जमल्याने त्याने पुन्हा वर नेऊन दुसऱ्यांदा उतरवलं असेल तर घाबरू नका, त्याने योग्य तेच केलं, हे तिला सांगा आणि त्यालाही. पण खाली घासून नेलं, ढगात शिरले, यादी न वाचता सुटले, असं काही कळलं तर दुसरी फेरी नाही, आणि ते संस्थेच्या चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरला त्याच आठवड्यात कळवा. बहीण चार महिने बोलली नाही तरी कळवा. त्या विमानात पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाचं तरी मूल बसणार आहे.